दोन्ही डिपर बंद: जुन्या हॅचबॅकच्या हेडलाइटच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २००८ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण त्या काळातल्या जपानी पद्धतीच्या वायरिंगच्या बऱ्याच गाड्यांना हे सगळं लागू पडेल. बल्ब एच-४, म्हणजे एकाच बल्बात डिपर (खाली झुकलेला, जवळचा झोत) आणि अप्पर (लांबवर जाणारा झोत) असे दोन फिलामेंट, मागे तीन पिना. काम पुण्यात, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, शनिवार-रविवारी केलं. हाताशी मल्टीमीटर, दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि लाइटच्या स्विचची दांडी वर-खाली करायला भाचा.

८ जून २०२४, शनिवार

तक्रार अशी: दोन्ही डिपर बंद. अप्पर लागतो, पण डावा उजव्यापेक्षा पिवळट. पार्किंग, इंडिकेटर, हॉर्न ठीक. स्टिअरिंगजवळची दांडी किंचित वर उचलून धरली की कधी कधी डिपर लागतो, सोडली की गेला.

सकाळी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने बोनेट उघडलं, "दोन्ही बल्ब गेलेत" म्हणाला, 'हेवीवाले' बल्ब घातले, ५२० रुपये घेतले. डिपर तरीही बंदच. मग म्हणाला, "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, गाडी ठेवून जा, साडेचार हजार होतील." जुने बल्ब मागून घेतले आणि गाडी घरी आणली.

घरी जुने बल्ब मल्टीमीटरवर ओहममध्ये तपासले. तीनपैकी कुठल्याही दोन पिना धरा, एका ओहमच्या आत रीडिंग. थंड फिलामेंटचं रीडिंग इतकं कमीच येतं, तो शॉर्ट समजू नका. म्हणजे दोन्ही बल्ब धडधाकट. डावा-उजवा डिपर फिलामेंट एकाच संध्याकाळी जळणं तसंही अवघडच. दोन्हीकडचं एकदम बंद पडलं की दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं: स्विच, अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट), मेन वायर.

संध्याकाळी टेस्ट लॅम्प बनवला. २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर, दोन क्रोकोडाइल क्लिप. खर्च ७० रुपये. या अख्ख्या कामात मल्टीमीटरपेक्षा हाच जास्त उपयोगी पडला. बाजारात पेनासारखा एलईडी टेस्टर मिळतो तो इथे कामाचा नाही, का ते पुढच्या नोंदीत.

९ जून, रविवार

आधी फ्यूज. या गाडीत डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळे १५ अँपिअरचे फ्यूज आहेत. दोन्ही काढून पाहिले, तार शाबूत.

मग बल्बमागचे कपलर, म्हणजे पिनांवर बसणारे वायरांचे प्लग, काढले. टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॉडीला लावली, दुसऱ्या टोकाने पिना तपासल्या. उजवीकडच्या कॉमन, म्हणजे दोन्ही फिलामेंटना सामाईक असलेल्या पिनेला लॅम्प लख्ख लागला. बाकी दोन पिनांना डिपर लावा, अप्पर लावा, काहीच नाही. आणि बल्ब जोडला की अप्पर मात्र लागतो. यात अर्धी सकाळ गेली.

उलगडा झाला तेव्हा कळलं की या गाडीत स्विच प्लसवर नाहीच, अर्थवर आहे. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट बल्बच्या कॉमन पिनेला येतो आणि तिथे कायम हजर असतो, चावी काढली तरी. डिपरची आणि अप्परची वायर बल्बमधून निघून दांडीतल्या स्विचकडे जाते आणि स्विच ती अर्थला टेकवतो. म्हणून बॉडीला क्लिप लावून या दोन पिना तपासल्या तर लॅम्प कधीच लागणार नाही. तुमची गाडी कुठल्या जातीची हे बघायला सोपी खूण: लाइट बंद ठेवून कपलर काढा. कुठल्याही पिनेला बॉडीसोबत लॅम्प लागला तर स्विच अर्थवर आहे.

क्लिप बॅटरीच्या प्लसला लावून पुन्हा तपासलं. भाच्याला आत बसवलं.

"मामा, आता अप्पर आहे."

अप्परच्या पिनेला लॅम्प लख्ख. डिपर सांगितल्यावर डिपरच्या पिनेला काही नाही, दोन्ही बाजूंना सारखंच. दांडी उचलून धरायला सांगितली, लॅम्प फडफडला. म्हणजे डिपरचा दोष स्विचकडे.

डावीकडे वेगळंच निघालं. कॉमन पिनेवर मल्टीमीटर १२.३ व्होल्ट दाखवत होता, बॅटरीइतकेच. टेस्ट लॅम्प लावला तर काजव्याइतका उजेड. लॅम्प जोडलेला ठेवूनच मीटर लावला तर ४ व्होल्टच्या आसपास. मल्टीमीटर जवळजवळ शून्य करंट ओढतो, त्यामुळे वाटेत कितीही खराब जोड असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. एलईडी टेस्टरचंही तेच. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअर लागतात, ते अशा जोडातून येत नाहीत. तेव्हा हेडलाइट तपासताना लोड, म्हणजे करंट ओढणारा बल्ब, लावल्याशिवाय मीटरवरच्या आकड्याला किंमत देऊ नका. इलेक्ट्रिशियन मंडळी वायरिंग बदलायला निघतात ती बहुतेक इथेच: 'करंट येतोय' पण लाइट लागत नाही.

गेले काही महिने डिपरवर चालवताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद तेवायचा, त्याचं कारणही इथेच सापडलं. डाव्या बाजूचा प्लस कमजोर पडला की डावा बल्ब उलट्या वाटेने करंट ओढतो: उजव्या बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून, अप्परच्या वायरने, डाव्याच्या अप्पर फिलामेंटमधून डिपर फिलामेंटमध्ये आणि तिथून अर्थला. वाटेत निळ्या दिव्यालाही थोडा करंट मिळतो. अर्थवर स्विच असलेल्या गाडीत निळा दिवा मंद आणि एका बाजूचा बल्ब पिवळट, असं दिसलं की आधी त्या बाजूचा फ्यूज आणि त्याची बैठक बघा.

१५ जून, शनिवार

फ्यूजबॉक्स. आधी बॅटरीचा मायनस काढला, तोही पूर्ण बाजूला सारून. वर सांगितलं तसं इथे चावी बंद असली तरी पिना जिवंत असतात, पाना टेकला तर ठिणगी ठरलेली.

डाव्या हेडलाइटच्या फ्यूजची खाच शेजारच्यापेक्षा तपकिरी झालेली. फ्यूज ओढताना घट्ट लागलाच नाही, सहज हातात आला. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं तर पितळी पत्तीचे दोन ओठ फाकलेले आणि काळे. फ्यूजचा एक पायही निळसर-काळा. फ्यूज तपासताना सगळे मधली तार बघतात. तार चांगली असते आणि पाय जळालेले असतात.

पॉलिश पेपरने घासून चाललं असतं थोडे दिवस. पण पत्तीचा ताण गेला की गेला. ती पुन्हा गरम होणार, आणखी फाकणार. म्हणून ती खाच कायमची सोडून दिली. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर बॉक्सखाली कापली, मध्ये झाकणाचा इनलाइन फ्यूज होल्डर बसवला, जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. होल्डर ९० रुपये, नवा १५ चा फ्यूज १० रुपये. नुसती वायर पिळून टेप मारलेला जोड इथे नको, बोनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो.

बॅटरी जोडली. डाव्या कॉमन पिनेला टेस्ट लॅम्प लख्ख, निळा दिवाही शांत. डिपर अजून बंदच.

१६ जून, रविवार

स्टिअरिंगखालचं कव्हर खालच्या स्क्रूंनी सुटतं. या गाडीत एअरबॅग नाही. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे नव्या गाड्यांत जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तुमच्या गाडीत ती असेल तर स्टिअरिंग काढण्याच्या भानगडीत घरी पडू नका.

स्विच बदलायच्या आधी दोष त्यातच आहे याची खात्री करून घेतली. स्विचच्या कपलरमध्ये डिपरची वायर शोधली, मागच्या बाजूने पिन खुपसून एका जाड वायरने ती बॉडीला टेकवली. दोन्ही डिपर झटकन लागले. म्हणजे बल्बपासून इथपर्यंतचं वायरिंग ठीक. साडेचार हजार वाचले ते या एका वायरच्या तुकड्याने.

स्टिअरिंगचा नट १७ चा. काढण्याआधी दांड्यावर आणि स्टिअरिंगवर मार्करने एक रेघ मारून घेतली, नाहीतर परत बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे होतात आणि गाडी सरळ, स्टिअरिंग तिरकं. नट पूर्ण काढला नाही, दोन आटे ठेवले. स्टिअरिंग घट्ट बसलेलं असतं, ओढताना एकदम सुटलं की थेट दात पाडतं.

जुना स्विच उत्सुकतेपोटी उघडला. वंगण काळं, वाळलेलं. अप्परचा तांब्याचा ठिपका जरा मळलेला, एवढंच. डिपरच्या ठिपक्याभोवतीचं प्लॅस्टिक मात्र वितळून मेणासारखं ओघळलेलं आणि ठिपका त्यात अर्धा मिलिमीटर खाली बसलेला. वरची पत्ती त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. दांडी उचलून धरली की तेवढा जोर पडून टेकायची, म्हणून डिपर फडफडायचा. हा स्विच घासून सुधारण्यातला नव्हता.

उघडणारच असाल तर मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. आत स्प्रिंगवर बसलेला छर्रा आहे. आमचा थेट गटाराच्या जाळीत गेला.

२२ जून, शनिवार

नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. स्विचचे दोन भाव मिळाले: कंपनीचा १,४५०, लोकल ६५०. लोकलची दांडी हलवून बघितली, टकटक आवाज पोकळ आणि मागच्या पिना पातळ. डिपर रात्रभर याच ठिपक्यांवर जळणार, म्हणून कंपनीचाच घेतला.

दुकानदाराने जुना स्विच हातात घेतला, वितळलेला भाग बघितला आणि विचारलं, "बल्ब कुठला लावलाय? शंभर-नव्वद?"

"हेवीवाले आहेत म्हणाला."

"मग हा पण वर्षभरात परत घेऊन याल."

गाडीत येऊन बल्ब काढून बघितले. पितळी कडेवर बारीक अक्षरात १२ व्होल्ट, १००/९० वॅट. जुन्या मालकाच्या वेळचे जे काढून घेतले होते तेही १००/९०. एच-४ चा मान्य बल्ब ६०/५५ वॅटचा. ५५ वॅटचे दोन मिळून सव्वानऊ अँपिअर घेतात, ९० चे दोन मिळून पंधरा. हा सगळा करंट डिपरच्या त्या एका ठिपक्यातून जातो. ९० वॅटचे बल्ब रस्त्यावर कायद्याने चालत नाहीत ते वेगळंच, समोरच्याचे डोळेही दिपतात. फ्यूजची खाच, स्विच, दोन्ही यांच्याच पायी गेलं. डाव्या बल्बचा होल्डर तपासला, तोही ठिसूळ झालेला, बोटाने दाबला तर कोपरा तुटला.

६०/५५ चे दोन बल्ब ३६०, सिरॅमिकचा होल्डर ११०. हेवीवाले ड्रॉवरमध्ये पडून आहेत, कुणाला द्यायचे नाहीत.

२३ जून, रविवार

स्विच बसवला, बल्ब बसवले. काचेला बोट लावू नका, तेलकट ठसा राहिला तर तिथे काच जास्त तापते. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा. दोन्ही डिपर चालू.

इथे थांबता आलं असतं. पण लोड लावून मोजायची सवय लागली होती. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब जोडलेला, कपलरच्या मागून पिना खुपसून:

बॅटरीवर १४.१ व्होल्ट. उजव्या बल्बच्या दोन पिनांमध्ये १२.४. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच जिरतायत. बॅटरीच्या प्लसपासून कॉमन पिनेपर्यंत ०.७, डिपरच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.०. नवा स्विच, नवा फ्यूज होल्डर असूनही. सोळा वर्षांची बारीक वायर बोनेटमधून डॅशबोर्डमध्ये जाऊन परत येते, जिरणारच.

हॅलोजनचं गणित सरळ नाही. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. लोक उजेड कमी म्हणून १००/९० घालतात, त्याने करंट वाढतो, वायरमध्ये आणखी व्होल्टेज जिरतं आणि जास्तीच्या वॅटचा बराच भाग वायर आणि स्विच तापवण्यात जातो. रिले घालायचं ठरवलं, म्हणजे दांडीतल्या स्विचच्या छोट्या करंटवर चालणारा आणि बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच.

२९ जून, शनिवार

ऑनलाइन मागवलेलं तयार रिले किट, ६९९ रुपये. दोन रिले, दोन होल्डर, गाडीच्या जुन्या कपलरमध्ये घुसणारा एक प्लग, बॅटरीला जाणाऱ्या वायरा. जोडलं. डिपर नाही, अप्पर नाही, रिलेची टिक सुद्धा नाही.

रिलेच्या पिना बहुतेक ठिकाणी सारख्या: ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ मधून बल्बकडे, ८५ आणि ८६ या कॉइलच्या, म्हणजे रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या. किटमध्ये ८५ च्या दोन्ही काळ्या वायरा एका रिंगमध्ये घालून बॉडीला लावायला दिल्या होत्या. ८६ ला गाडीच्या कपलरमधून डिपर आणि अप्परचा सिग्नल. ज्या गाडीत स्विच प्लस पाठवतो तिथे हे चालेल. आमच्याकडे स्विच अर्थ पाठवतो, म्हणजे कॉइलच्या दोन्ही टोकांना अर्थ. टिक कुठून येणार?

उपाय दहा मिनिटांचा. काळ्या वायरांची रिंग कापली आणि दोन्ही वायरा प्लगमधल्या कॉमन पिनेला जोडल्या, जिथे गाडीचा प्लस कायम हजर असतो. दांडी डिपरला टाकली की टिक. कॉइलला कुठल्या टोकाला प्लस याने फरक पडत नाही, फक्त आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर पडतो. रिलेच्या अंगावरच्या आकृतीत डायोडचा बाण दिसतो, तेवढं बघून घ्या.

किटमधल्या दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. पहिली, दोन्ही रिलेंना मिळून एकच ३० अँपिअरचा फ्यूज. गाडीला कंपनीने डावे-उजवे फ्यूज वेगळे दिले ते एकदम अंधार होऊ नये म्हणून, आणि इथे एक फ्यूज गेला की सगळंच गेलं. शिवाय दिलेली वायर इतकी बारीक की ३० चा फ्यूज उडायच्या आधी तीच जळेल. तो भाग फेकला. अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणून डिपरच्या रिलेला एक आणि अप्परच्या रिलेला एक असे १५ चे दोन वेगळे फ्यूज घातले, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. दुसरी, बल्बच्या अर्थची रिंग पत्र्याच्या रंगावरच बसवायला सांगितली होती. बोल्टखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन. वायर, लग, श्रिंक, जाळीदार पाइप मिळून २८०.

पुन्हा मोजलं: बॅटरीवर १४.१, बल्बवर १३.७. डिपरचा उजेड भिंतीवर आधी आणि नंतर बघितला तर मीटरची गरजच नव्हती. दांडीतल्या स्विचमधून आता फक्त कॉइलचा नगण्य करंट जातो. बल्ब पूर्ण व्होल्टेजवर लवकर जातात, ते चालेल. १८० चा बल्ब बदलणं परवडतं, १,४५० चा स्विच नाही.

शेजारचे काका खाली आले, "एवढं केलंस त्यापेक्षा एलईडी टाकायचास." हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अर्थवर स्विच असलेल्या मूळ कपलरला बरेच एलईडी लागतही नाहीत, कारण त्यांना प्लस-मायनस सरळ हवं असतं. काकांना हे सांगितलं, पटलं असं वाटलं नाही.

३० जून, रविवार

झोत जुळवला. सपाट जमिनीवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर भाचा. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवली, त्याखाली ५ सेंटीमीटरवर दुसरी पट्टी. डिपरच्या झोताची वरची सपाट कड या खालच्या पट्टीवर हवी, डाव्या अर्ध्यात ती वर चढलेली दिसते. उजवा जवळजवळ बरोबर होता. डाव्याचा झोत पार वर, पुढच्या गाडीच्या आरशात जाईल असा. स्क्रू फिरवून फरक पडेना. बल्ब काढून बघितला तर नव्या होल्डरच्या वायरा आखूड पडून त्याला ओढत होत्या, बल्बचा रुंद कान खाचेत पूर्ण बसला नव्हता. वायरांना मोकळीक दिली, स्प्रिंगची क्लिप नीट अडकवली, मग स्क्रूचे दोन फेरे पुरले.

६ जुलै, शनिवार

ताम्हिणीतून माणगावला जाऊन आलो. मुळशीच्या पुढे पाऊस आणि धुकं, डिपर सलग तीन तास. उतरल्यावर रिलेंना हात लावून बघितला, कोमट. फ्यूज होल्डर गार. निळा दिवा अप्परशिवाय लागला नाही.

कामाचा खर्च, तयार किट धरून, ३,१०० च्या आसपास. पहिल्या दिवशीचे ५२० वेगळे. किटमधलं निम्मं सामान फेकलं, तेव्हा सुटे रिले आणि होल्डर नाना पेठेतून घेतले असते तर तीनेकशे वाचले असते.

एक काम उरलंय. डाव्या हेडलाइटच्या काचेत आतून दव धरलंय. बल्बमागची रबराची टोपी होल्डर बदलताना चिरली होती, आत्तापुरती टेपने गुंडाळून ठेवली आहे. टोपी सुटी मिळते, दुकानदाराने भाव १२० सांगितला, पण डाव्या-उजव्याचा साचा वेगळा आणि डावी संपलेली. गुरुवारी येईल म्हणाला.